ध्वजाचे वस्त्र

मराठी राज्याच्या अमदानीत निशाण ही दरबाराकडून मिळावयाची वस्तू होती. भगवा झेंडा आणि जरीपटका ही राज्याची निशाणे. जरीपटका ज्या सरदाराच्या स्वारीबरोबर दिला जाई त्याच्या ठायी दरबारचा मान आणि मुखत्यारी आली असे समजत, आणि निशाण, नगारा, चौघडा यांचा बहुमान मिळणे हे मोठ्या प्रतिष्ठेचे मानले जाई. निशाणाचा प्रवास असा गादीकडून फौजेकडे होत असे. रयतेने त्याला मुजरा करावा, त्याच्यामागे चालावे, परंतु त्याचा रंग कोणता असावा किंवा त्यावर कोणती आकृती काढावी याविषयी तिचे मत कोणी विचारले नाही, आणि विचारावे असे तिलाही वाटले नाही. भारताच्या तिरंगी ध्वजाचा इतिहास याच्या नेमका उलट आहे. तो प्रथम लोकांनी हाती धरला, त्यासाठी १९२३ साली नागपुरात शेकडो माणसे कैदेत गेली, आणि त्यानंतर ८ वर्षांनी काँग्रेसने व २४ वर्षांनी घटना समितीने त्याचे स्वरूप ठरावाने निश्चित केले. या कालावधीत त्याचे रंग बदलले, रंगांचा क्रम बदलला, त्यांचे अर्थ तर अनेकदा बदलले, आणि मध्यभागीची आकृतीही अखेर बदलली. कायम राहिले ते ज्या कापडाचा तो करावयाचा ते कापड. या कापडाच्या अनुषंगाने ध्वजाचा इतिहास पाहिला असता जे दिसते, ते केवळ रंगांच्या विवरणाने दिसत नाही अशी माझी समजूत आहे.

वंगभंगाच्या चळवळीत, ७ ऑगस्ट १९०६ रोजी, कलकत्त्याच्या पारशी बागान चौकात जो ध्वज उभारला गेला त्यावर हिरवा, पिवळा आणि तांबडा असे तीन आडवे पट्टे होते. एका पट्ट्यावर आठ कमळे, मधल्या पट्ट्यावर देवनागरी अक्षरांत ‘वंदे मातरम्’, आणि उरलेल्या पट्ट्यावर सूर्य व चंद्रकोर. पुढल्याच वर्षी, २२ ऑगस्ट १९०७ रोजी, जर्मनीतील स्टुटगार्ट येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेत मादाम भिकाजी कामा यांनी याच वळणाचा ध्वज जगातील प्रतिनिधींसमोर फडकविला, आणि ज्या देशाचे नाव त्या काळी साम्राज्याच्या एका भागाचे नाव म्हणूनच उच्चारले जाई, त्या देशालाही स्वतःचे निशाण आहे ही गोष्ट परकीय भूमीवर प्रथमच जाहीर झाली. तो ध्वज इंदुलाल याज्ञिक यांनी पुढे हिंदुस्थानात आणला, आणि पुण्याच्या केसरी-मराठा संस्थेत तो जपून ठेवलेला आहे. पुण्यात राहून ज्यांनी तो अद्याप पाहिला नसेल त्यांनी एकदा अवश्य पाहावा. देशाविषयी जे जे सांगावयाचे ते सर्व एकाच पटावर सांगून टाकण्याची उत्कट घाई त्यात दिसते: प्रांतांसाठी कमळे, दोन मोठ्या समाजांसाठी सूर्य आणि चंद्र, मातृभूमीच्या वंदनेसाठी अक्षरे. क्रांतिकारकांच्या त्या पिढीला आपला देश जगापुढे उभा करावयाचा होता, आणि ज्याला प्रथमच बोलण्याची संधी मिळते त्याने सर्व काही एका दमात बोलावे यात नवल नाही. परंतु असा ध्वज खेड्यातील शिंप्याला शिवता येण्यासारखा नव्हता आणि शाळेतील मुलाला आठवणीने काढता येण्यासारखाही नव्हता.

१९१७ साली होमरूलच्या चळवळीत लोकमान्य टिळक आणि ॲनी बेझंट यांनी जो ध्वज वापरला त्यात पाच तांबडे व चार हिरवे पट्टे, सप्तर्षींच्या आकृतीत मांडलेल्या सात चांदण्या, चंद्रकोर व तारा, आणि काठीजवळच्या वरच्या कोपऱ्यात ब्रिटिशांचा युनियन जॅक होता. साम्राज्याच्या छत्राखाली स्वराज्य हे त्या वेळच्या मागणीचे रूप असल्यामुळे तो कोपरा त्या मागणीशी प्रामाणिकच होता. तरीही कोइमतूरच्या मॅजिस्ट्रेटने त्या ध्वजावर मनाई केली. साम्राज्याचे चिन्ह धारण केलेले निशाणही साम्राज्याच्या अंमलदाराला सहन झाले नाही. या ध्वजाचे आयुष्य अल्पच ठरले, कारण ज्या मागणीचे ते प्रतीक होते ती मागणीच दोन-तीन वर्षांत मागे पडली.

ध्वजाच्या प्रश्नाला आयुष्यातील अनेक वर्षे वाहणारा मनुष्य मात्र याच सुमारास आंध्रात काम करीत होता. मच्छलीपट्टणमजवळच्या गावात जन्मलेले पिंगली वेंकय्या यांनी १९१६ साली राष्ट्रध्वजाच्या सुमारे ३० आराखड्यांची एक पुस्तिका प्रसिद्ध केली, आणि त्यानंतर काँग्रेसच्या अधिवेशनांतून ते हा विषय चिकाटीने मांडीत राहिले. गांधीजींनी पुढे ‘यंग इंडिया’च्या १३ एप्रिल १९२१ च्या अंकात लिहिले त्यावरून दिसते की वेंकय्यांच्या तळमळीचे त्यांना कौतुक वाटे, पण त्यांच्या आराखड्यांपैकी एकही राष्ट्राच्या मनाला हलवील असे त्यांना वाटले नव्हते. जालंधरच्या लाला हंसराजांनी ध्वजावर चरखा असावा असे सुचविले, आणि ती सूचना ऐकताच गांधीजींना जे हवे होते ते सापडले. १९२१ च्या मार्चअखेर बेझवाड्यास अखिल भारतीय काँग्रेस समितीची बैठक भरली असता त्यांनी वेंकय्यांना तांबड्या आणि हिरव्या पार्श्वभूमीवर चरखा काढून देण्यास सांगितले, आणि त्या उत्साही गृहस्थांनी तीन तासांत ध्वज तयार करून आणला. बैठकीपुढे मांडावयास तो किंचित उशिरा पोहोचला. आणि हा उशीर झाला हे बरेच झाले असे गांधीजी म्हणतात, कारण तेवढ्या अवधीत, तांबडा हिंदूंचा आणि हिरवा मुसलमानांचा असे म्हटल्यावर बाकीच्या धर्मांचे स्थान कोणते, हा विचार त्यांच्या मनात आला. त्यातून पांढरा पट्टा आला.

या पांढऱ्या पट्ट्याची जागा लक्षात घेण्यासारखी आहे. त्या पहिल्या ध्वजात तो सर्वांत वर होता, त्याखाली हिरवा, आणि सर्वांत खाली तांबडा. संख्येने जे सर्वांत थोडे त्यांना पहिला मान, आणि जे सर्वांत बलिष्ठ त्यांनी खाली राहून दुर्बलांची ढाल व्हावे, अशी त्यामागची योजना होती. तिन्ही पट्ट्यांना व्यापून चरख्याची मोठी आकृती. आणि या सगळ्याबरोबर एक अट: ध्वज हातसुताच्या, हातमागावर विणलेल्या खादीचाच असला पाहिजे, कारण कापडासाठी परदेशी बाजाराच्या तोंडाकडे पाहणे ज्या साधनाने थांबेल तेच साधन जर ध्वजावर चितारावयाचे, तर ते चित्र मँचेस्टरच्या गिरणीतील कापडावर काढण्यात काय अर्थ? माझ्या मते तिरंग्याच्या इतिहासातील खरा निर्णायक क्षण हाच. तोवरच्या प्रत्येक ध्वजात चिन्ह आणि वस्त्र या दोन स्वतंत्र गोष्टी होत्या, कापड कोणतेही चालले असते. येथे प्रथमच ध्वजावर जे काढले होते त्यानेच ध्वजाचे कापड निर्माण झाले असले पाहिजे असे ठरले. शिवाय चरखा चालविण्यास साक्षर असावे लागत नाही, मोठे भांडवल लागत नाही, आणि बाईमाणसाला घराबाहेर पडावेही लागत नाही. तेव्हा ध्वज निर्माण करण्याचे कामच अशा हातांकडे गेले की ज्यांना राजकारणात तोपर्यंत कोणी विचारले नव्हते.

हा ध्वज काँग्रेसने रीतसर ठराव करून स्वीकारलेला नव्हता. सभांतून, अधिवेशनांतून, प्रभातफेऱ्यांतून तो दिसू लागला आणि रूढ झाला एवढेच. १९२३ च्या आरंभी जबलपुरात नगरपालिकेच्या इमारतीवर तो लावण्यावरून सरकारशी तंटा उपस्थित झाला. काँग्रेसचे पुढारी पंडित सुंदरलाल यांना कैद झाली, आणि तो तंटा तेथून मध्यप्रांताच्या राजधानीत, नागपुरास आला. १३ एप्रिल रोजी, जालियनवाला बागेच्या स्मृतिदिनी, ध्वज घेऊन निघालेली मिरवणूक शहरातून सिव्हिल लाइन्सकडे जात असता पोलिसांनी अडविली. नागपूर शहरात निशाण घेऊन हिंडण्यास सरकारची हरकत नव्हती. हरकत होती ती गोऱ्या अंमलदारांचे बंगले, कचेऱ्या व ख्रिस्ती देवळे जेथे होती त्या हद्दीत ते नेण्यास. त्या हद्दीपुरता मनाईहुकूम निघाला, आणि १ मे १९२३ पासून सत्याग्रह सुरू झाला.

सत्याग्रहाची रीत अत्यंत साधी होती. रोज काही स्वयंसेवकांची तुकडी हाती ध्वज घेऊन शहरातून निघावयाची, सिव्हिल लाइन्सच्या हद्दीपाशी पोलिसांनी ती अडवावयाची, हुकूम वाचून दाखवावयाचा, तुकडीने मागे फिरण्यास नकार द्यावयाचा, आणि मग अटक, खटला, सक्तमजुरी. दुसऱ्या दिवशी दुसरी तुकडी. सरकारला बळाचा वापर करण्याचे निमित्त मिळू नये आणि तुरुंग मात्र भरत राहावा, हा हिशेब वर्ध्याचे जमनालाल बजाज यांनी घातला होता. ते काँग्रेसचे खजिनदार, कापसाच्या व्यापारातील मोठे पेढीवाले. जूनच्या मध्यास त्यांना पकडले, १८ महिन्यांची सक्तमजुरी आणि ३,००० रुपये दंड झाला. दंड भरण्याचे त्यांनी नाकारल्यामुळे त्यांची मोटार जप्त करून लिलावास काढली, तर नागपुरात बोली लावणारा मनुष्य मिळेना. याच लढ्यात वर्ध्याच्या आश्रमातून आलेले विनोबा भावे कैदेत गेले आणि प्रथम नागपूरच्या, मग अकोल्याच्या तुरुंगात राहिले. गुजरात, बिहार, मद्रास अशा दूरदूरच्या इलाख्यांतून तुकड्या येऊ लागल्या; ज्यांना मराठीचा एक शब्द कळत नव्हता अशी माणसे नागपूरच्या मे-जूनच्या उन्हात एका कापडाच्या तुकड्यासाठी ठरल्या वेळी, ठरल्या रस्त्याने तुरुंगाकडे चालत गेली.

जमनालालजींच्या अटकेनंतर लढ्याची सूत्रे वल्लभभाई पटेलांकडे आली. प्रांतिक सरकारचे गृहखाते त्या वेळी अमरावतीचे सर मोरोपंत जोशी यांच्याकडे होते, आणि सरकारच्या बाजूने बोलणी करणारा व सत्याग्रहाच्या बाजूने बोलणी करणारा असे दोघेही कायदेपंडित समोरासमोर बसले. १८ ऑगस्ट १९२३ रोजी मिरवणूक ध्वजासह सिव्हिल लाइन्समधून निर्वेध गेली, आणि पुढे सप्टेंबरच्या आरंभी कैदी सुटले. एकंदर अटका दीड हजारांच्या वर गेल्या होत्या. त्या समेटात जिंकले कोण यावर त्या वेळी वृत्तपत्रांत पुष्कळ वाद झाला. सरकार म्हणे परवानगी मागितली गेली, काँग्रेस म्हणे हुकूम संपला. मला तो वाद आता महत्त्वाचा वाटत नाही. सिव्हिल लाइन्सच्या रस्त्यावरून जे निशाण गेले त्याला ना काँग्रेसचा ठराव होता ना सरकारचा आधार, आणि तरीही ते राष्ट्राचे आहे याविषयी त्या दिवशी रस्त्याच्या दोन्ही बाजूंस कोणाच्याही मनात शंका राहिली नाही, ही गोष्ट अधिक मोलाची आहे.

नागपूरच्या तुरुंगवासातून बाहेर पडलेल्या माणसांपैकी हुबळीचे डॉ. नारायण सुब्बाराव हर्डीकर यांनी त्याच वर्षाच्या अखेरीस, काकिनाडा अधिवेशनाच्या वेळी, हिंदुस्थानी सेवा दलाची स्थापना केली. ध्वज कसा उभारावा, कसा उतरवावा, त्याच्यापुढे रांगेत कसे उभे राहावे ही शिस्त या दलाने गावोगाव नेली. आज शाळेच्या प्रांगणात जे सहज घडते ते त्या काळी शिकवावे लागत होते, आणि शिकविणाऱ्यावर पोलिसांची नजर असे.

१९३० साली सोलापूरच्या नगरपालिकेने आपल्या इमारतीवर राष्ट्रध्वज उभारला. मे महिन्यात गिरणगावातील दंग्यानंतर शहर लष्कराच्या ताब्यात गेले, लष्करी कायदा पुकारला गेला, आणि ध्वज बाळगणे हाच तेथे अपराध ठरला. ज्या शहराचा सारा व्यवहारच कापडाच्या आणि हातमागाच्या आधाराने चालला होता त्या शहरात कापडाच्या एका चौकोनासाठी माणसांना सक्तमजुरी भोगावी लागली. नंदुरबारला ९ सप्टेंबर १९४२ रोजी ध्वज घेऊन निघालेल्या मुलांच्या मिरवणुकीवर गोळीबार झाला. शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती तेथे पडले. शिरीषकुमारचे वय १५ वर्षांचे होते. याहून अधिक काही लिहिण्याची मला आवश्यकता वाटत नाही.

इकडे रंगांचा प्रश्न धुमसतच होता. तांबडा हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा, पांढरा इतरांचा, हे विवरण एकदा केल्यानंतर ‘इतरां’मध्ये आपली गणना का व्हावी असे ज्यांना वाटावयाचे त्यांना ते वाटलेच. शिखांनी मागणी केली की एक तर आमचा रंग ध्वजात यावा, नाही तर रंगांना धर्माचा अर्थच असू नये. मागणी रास्त होती, आणि तिने ध्वजाचे कल्याणच केले. १९३१ च्या कराची अधिवेशनानंतर सात जणांची एक समिती नेमली गेली. वल्लभभाई पटेल, अबुल कलाम आझाद, मास्टर तारासिंग, जवाहरलाल नेहरू, काकासाहेब कालेलकर, डॉ. हर्डीकर आणि निमंत्रक पट्टाभि सीतारामय्या. साताऱ्यात जन्मून गुजराती गद्याला वळण लावणारे काकासाहेब आणि नागपूरचा तुरुंग पाहिलेले हर्डीकर, ही महाराष्ट्राशी संबंध असलेली दोन माणसे तीत होती. प्रांतिक समित्यांची मते मागवून तिने जी शिफारस केली ती आज अनेकांना ठाऊकही नसते: संपूर्ण ध्वज एकाच, केशरी रंगाचा असावा, आणि काठीजवळच्या वरच्या कोपऱ्यात तांबूस तपकिरी रंगाचा चरखा. तारासिंग आणि आझाद ज्या समितीत होते तिने हा निष्कर्ष काढावा यावरून एवढे निश्चित दिसते की त्यांच्या दृष्टीने केशरी हा कोणा एका धर्माचा रंग नव्हता.

परंतु ऑगस्ट १९३१ मध्ये मुंबईस भरलेल्या अखिल भारतीय समितीने ती शिफारस मान्य केली नाही. लोकांनी ८-१० वर्षे जो तिरंगी ध्वज हाती धरला, ज्यासाठी मार खाल्ला, तो एका अहवालाने बदलता येण्याजोगा उरला नव्हता. समितीच्या युक्तिवादापेक्षा नागपूरच्या आणि सोलापूरच्या कैद्यांचा हक्क मोठा ठरला. तांबड्याऐवजी केशरी आला, क्रम बदलून केशरी वर, पांढरा मध्ये, हिरवा खाली असा झाला, चरखा आक्रसून पांढऱ्या पट्ट्यात निळ्या रंगात बसला, आणि रंगांचे अर्थ ठरावातच सांगून टाकले: केशरी धैर्याचा व त्यागाचा, पांढरा सत्याचा व शांतीचा, हिरवा श्रद्धेचा व शौर्याचा, आणि चरखा सामान्य जनतेच्या आशेचा. धर्मवाचक अर्थ त्या दिवशी संपला. खादीची अट मात्र, चर्चेलाही न येता, जशीच्या तशी राहिली.

१९४७ साली स्वतंत्र राष्ट्राच्या ध्वजाचा प्रश्न आला तेव्हा घटना समितीने राजेंद्रप्रसादांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. तीत आझाद, सरोजिनी नायडू, राजगोपालाचारी, कन्हैयालाल मुन्शी आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्यासारखी माणसे होती. त्यापूर्वी माउंटबॅटन यांनी कोपऱ्यात लहानसा युनियन जॅक असलेले एक चित्र नेहरूंकडे धाडले होते, आणि नेहरूंनी ते नाकारले होते. समितीपुढची मुख्य अडचण निराळी होती: काँग्रेस पक्षाचा ध्वज हाच राष्ट्राचा ध्वज कसा म्हणावयाचा? आणि त्याहून एक साधी, कारागिराला सुचावी अशी अडचण चरख्याच्या आकृतीत होती. २२ जुलै १९४७ रोजी ठराव मांडताना नेहरूंनी ती सभागृहाला समजावून सांगितली. चरख्याला एका टोकास चाक असते व दुसऱ्या टोकास चाती. ध्वज वाऱ्यावर फडफडत असता एका बाजूने पाहणाऱ्याला चाक काठीकडे दिसते, तर दुसऱ्या बाजूने पाहणाऱ्याला आकृती उलटी दिसते. ध्वज दोन्ही अंगांनी सारखा दिसला पाहिजे. तेव्हा चरख्यातील चाक तेवढे ठेवावे, आणि ते कोणत्या वळणाचे काढावे असा विचार करता सारनाथच्या अशोकस्तंभाच्या शीर्षावरचे चक्र डोळ्यांपुढे आले.

सारनाथचे ते सिंहशीर्ष १९०४-०५ च्या उत्खननात सापडले होते. चार सिंह ज्या गोल पट्टीवर पाठीस पाठ लावून उभे आहेत तिच्यावर हत्ती, बैल, घोडा आणि सिंह ओळीने कोरलेले असून प्रत्येक दोन प्राण्यांच्या मध्ये २४ आऱ्यांचे एक एक चक्र आहे. ते आपल्या ध्वजावर आले. ठरावाची भाषा बारकाईने वाचली असता त्यात एक गोष्ट आढळते, जी पुष्कळदा दृष्टीआड होते. पांढऱ्या पट्ट्याच्या मध्यभागी गडद निळ्या रंगाचे चक्र असेल आणि ते चरख्याचे द्योतक असेल, असे ठराव म्हणतो. चक्राची रेखाकृती तेवढी सारनाथची. अर्थात ठरावाप्रमाणे अशोकचक्र हा चरख्याचाच आकार होय. डॉ. राधाकृष्णन् यांनी त्याच दिवशी त्या चक्रात धर्माचे आणि गतीचे तत्त्व पाहिले, केशरीत निःस्पृहता, हिरव्यात मातीशी असलेले नाते. मध्यप्रांत-वऱ्हाडचे हरि विष्णु कामत यांनी चक्रात स्वस्तिक असावे अशी दुरुस्ती सुचविली होती, ती त्यांनी चित्र पाहून मागे घेतली. नेहरूंनी सभागृहास दोन ध्वज सादर केले, एक रेशमी खादीचा आणि एक सुती खादीचा, आणि अखेर सरोजिनी नायडूंच्या भाषणानंतर सर्व सभासदांनी उभे राहून ठराव संमत केला.

गांधीजींचे मात्र समाधान झाले नाही. ध्वजावर चरखा नसेल तर आपण त्या ध्वजाला वंदन करणार नाही, असे त्यांनी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात लाहोरात बोलून दाखविले. ज्याने खादीला राजकारणात आणले त्याला चरख्याची चाती नाहीशी झाल्याचे दुःख व्हावे हे स्वाभाविक होते, आणि त्यांच्या दुःखाला केवळ हट्ट म्हणणे मला उचित वाटत नाही. तथापि नेहरूंची अडचणही खरी होती. या दोहोंतून मार्ग निघाला तो पुढल्या काही वर्षांत, आणि तो कोणा पुढाऱ्याने काढला नाही. सरकारी मानकांच्या रुक्ष दफ्तरात तो सापडतो.

भारतीय मानकांच्या मालिकेतील पहिल्या क्रमांकाचे मानक राष्ट्रध्वजाचे आहे. १९५१ साली ते निघाले, दशमान पद्धती आल्यावर १९६४ साली सुधारले गेले, आणि १९६८ साली पुन्हा त्यात दुरुस्ती झाली. त्यात ध्वजाचे नऊ आकार सांगितले आहेत. सर्वांत मोठा ६३०० मिलिमीटर लांब व ४२०० मिलिमीटर रुंद, सर्वांत लहान, मेजावर ठेवावयाचा, १५० बाय १०० मिलिमीटर. मोठ्या ध्वजातील प्रत्येक पट्टा १४०० मिलिमीटरचा आणि त्यातील चक्राचा व्यास १२९५ मिलिमीटर. सुताची जाडी, विणीतील धाग्यांची संख्या, कापडाची ताकद, रंगाचे पक्केपण, या सर्वांच्या कसोट्या आहेत. आणि कापड दोन प्रकारचे: ध्वजाच्या अंगासाठी हातसुताची पातळ, फडफडणारी खादी, आणि काठीकडच्या ज्या पट्टीतून दोरी ओवतात तिच्यासाठी जाड, घट्ट विणीची, फिकट रंगाची खादी. ही दुसरी वीण फार कठीण. ती साधणारे विणकर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. चक्र दोन्ही अंगांनी पूर्ण, एकावर एक तंतोतंत दिसले पाहिजे. आरा किंचित सरकला की तो ध्वज बाद. चरख्याने काढलेले सूत या कसोट्यांतून उतरल्याखेरीज ध्वज होत नसे, म्हणजेच चरखा चित्रातून गेला तरी प्रत्येक धाग्यात शिल्लक राहिला.

हे कापड विणण्याचा मान प्रामुख्याने धारवाडजवळच्या गरग गावाकडे राहिला. १९५४ साली तेथे काही स्वातंत्र्यसैनिकांनी स्थापिलेल्या केंद्रात ध्वजाचे कापड तयार होऊ लागले. हुबळीजवळच्या बेंगेरी येथील खादी संघही त्यात आला, ज्या हुबळीतून हर्डीकरांनी सेवा दल चालविले तीच ही हुबळी. महाराष्ट्रात नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत राष्ट्रध्वज तयार होतात. ही समिती निजामाविरुद्धच्या लढ्याचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ यांच्या परंपरेतली. निजामाच्या राज्यात ज्या प्रदेशाने तिरंगा लावण्याच्या हक्कासाठी १९४७-४८ साली पुन्हा स्वतंत्रपणे झुंज दिली, त्या प्रदेशातील स्त्रियांनी तो कापावा, शिवावा आणि देशभर पाठवावा यात मला इतिहासाची योग्य संगती दिसते.

एक विसंगतीही येथेच नोंदविली पाहिजे. ध्वज हाती धरण्याच्या हक्कासाठी ज्या राष्ट्राने तुरुंग भरले, त्या राष्ट्राच्या सामान्य नागरिकाला स्वातंत्र्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ आपल्या घरावर वा कारखान्यावर, राष्ट्रीय सणांचे मोजके दिवस वगळता, तो लावण्याची मुभा नव्हती. अवमान होऊ नये हा हेतू त्या निर्बंधामागे होता, परंतु परिणाम असा झाला की निशाण पुन्हा कचेऱ्यांचे आणि अंमलदारांच्या मोटारींचे होऊन बसले. २६ जानेवारी २००२ पासून अमलात आलेल्या ध्वजसंहितेने हा निर्बंध उठविला, आणि २३ जानेवारी २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उद्योगपती नवीन जिंदल यांच्या खटल्यात ध्वज सन्मानाने फडकविणे हा नागरिकाच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग असल्याचा निर्वाळा दिला. १९२३ च्या नागपूरकरांना हे सांगावे लागले नसते.

मात्र २०२१ च्या डिसेंबरअखेरीस संहितेत जी दुरुस्ती झाली तिचे मी स्वागत करू शकत नाही. हातसुताबरोबरच यंत्रावर विणलेल्या आणि पॉलिएस्टरच्या ध्वजालाही तिने मान्यता दिली. पुढच्याच वर्षी, स्वातंत्र्याच्या ७५ व्या वर्षाच्या निमित्ताने, घरोघरी ध्वज पोहोचले. तो स्वस्त झाला, गरिबाच्या झोपडीवरही लागला, आणि या लाभाचे मोल मी कमी लेखीत नाही. परंतु १९४७ च्या ठरावातील चक्र चरख्याचे द्योतक आहे ही गोष्ट ज्या कापडामुळे खरी राहिली होती तेच कापड ऐच्छिक झाले, आणि गरगच्या व नांदेडच्या मागांना, ज्यांच्या कामाला बाजारात दुसरा ग्राहक नाही, एकाएकी गिरणीशी भावात स्पर्धा करावी लागली. ध्वज सर्वांना मिळावा यासाठी खादीला सवलत देता आली असती, सूतकताईला मजुरी वाढवून देता आली असती, मागांची संख्या वाढविता आली असती. हे मार्ग आजही मोकळे आहेत, आणि निदान शासकीय इमारतींवर, न्यायालयांवर, नगरपालिकांवर व शाळांवर लागणारा प्रत्येक ध्वज हातसुताचाच असावा एवढा नियम करण्यास कोणतीही अडचण नाही.